वाचकांचे प्रश्न : फोम गेलेले जुने स्पीकर घ्यावेत का?

प्रश्न : अकूस्टिक रिसर्च (एआर) कंपनीच्या जुन्या एआर-3ए स्पीकरची एक जोडी बघून आलो. खोके चांगले आहेत पण वूफरच्या (बेसच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावलं की चिकट चुरा होऊन हाताला लागतो. बेस जवळजवळ नाहीच, आणि एका बाजूचा ट्वीटर (वरच्या, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) फारच दबलेला वाटतो. एक जण म्हणाला नवीन 12 इंची वूफर बसवून टाका. काय करू?

उत्तर : बाकी सगळं धड असेल तर जरूर घ्या, फक्त ते मूळ वूफर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. फोम हा टायरसारखा झिजायचा भाग, स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा, हवेतल्या ओलाव्याने पंधरा-वीस वर्षांत तो जातोच, आणि तो गेला म्हणजे वूफर गेला असं अजिबात नाही. कोन (आवाज काढणारा पडदा), कॉइल (त्यामागची तारेची गुंडाळी) आणि मॅग्नेट शाबूत असेल तर नवीन कडा चिकटवून तोच वूफर परत उभा राहतो.

नवीन वूफर का नको तेही सांगतो. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी एआर कंपनी काढली ती एकाच कल्पनेवर, की खोका हवाबंद ठेवायचा, कोन मुद्दाम सैल टांगायचा आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्यायचं. तुमचा 3ए त्याच घराण्यातला, 1967 चा. त्यात भलताच कडक वूफर बसवला तर खालचा बेस गेलाच समजा. नवीन फोमचंही तेच, तो त्या मॉडेलसाठी बनलेला मऊ फोमच हवा, नुसतं 12 इंच माप जुळून भागत नाही.

पैसे द्यायच्या आधी दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच सरळ आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, मग भाव पाडा नाहीतर सोडून द्या. ट्वीटरचं मात्र एवढ्यात मनाला लावून घेऊ नका, 3ए च्या मागे दोन लेव्हल कंट्रोल (आवाज कमी-जास्त करायचे नॉब) असतात ते आतून गंजतात आणि आवाज दबतो किंवा बंदच होतो. गाणं चालू ठेवून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मधेच कर्रकर्र होऊन ट्वीटर जागा झाला तर तो जिवंत आहे, कंट्रोल साफ करा नाहीतर बदला.

आता फोम बसवायचं. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचा, यात पूर्ण संध्याकाळ जाते, जाऊ द्या, कोन फाटला तर काही खरं नाही. नवीन फोम आधी कोनला चिकटवा, नीट वाळू द्या, मग बाहेरची कड फ्रेमला लावा. तो गोंद ओला असतानाच वूफरला बारीक आवाजात 30 हर्ट्झचा टोन द्या आणि कान जवळ नेऊन ऐका, कॉइल घासत असेल तर फर्रर्र असा आवाज येतो, तेव्हा कड बोटाने केसभर इकडेतिकडे सरकवत जायचं, एका जागी तो आवाज एकदम थांबतो आणि कोन नुसता गुपचूप हलताना दिसतो. तिथेच सोडा, रात्रभर हात लावू नका. तारा काढण्याआधी खुणा करून ठेवा, कारण एका वूफरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तर दोघं मिळून एकमेकांचा बेस खातात. आत काचेची लोकर असू शकते, मास्क आणि हातमोजे घालूनच हात घाला.

क्रॉसओव्हरचे (वूफर, ट्वीटर वगैरेंना आवाज वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर मोजून बघा, मूळ आकड्यापासून सरकले असतील तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे घाला आणि दोन्ही खोक्यांत एकदमच घाला. जुने इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर काढून फिल्म जातीचे घातले की कधीकधी वरचा आवाज जरा टोचायला लागतो, म्हणून काढलेले फेकू नका.

प्रश्न : माझ्याकडे जेबीएल एल100 आहेत, त्यांचाही फोम बदलून घेऊ का?

उत्तर : मूळ वूफर असतील तर त्यांची कड फोमची नसून लेप दिलेल्या कापडाची आहे, ती अशी कुजत नाही. त्यावर काही लावू नका, धूळ मऊ ब्रशने झाडा आणि ऐका.