परदेशात राहून आधार कार्ड काढता येतं का?

प्रश्न: मी दुबईत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीयच. आधार इथूनच ऑनलाइन निघेल का, की आधी सहा महिने भारतात राहावं लागेल?

उत्तर: ऑनलाइन नाही हो जमणार, बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅनिंग समोर बसूनच द्यावं लागतं, त्यामुळे सुट्टीवर याल तेव्हा जवळच्या आधार केंद्रात जा. १८२ दिवसांची अट भारतीय पासपोर्टवाल्यांना २०१९ पासून नाहीये, ओसीआयवाल्यांना (म्हणजे मूळचे भारतीय, पण पासपोर्ट परदेशी असणाऱ्यांना) मात्र आहे. चालू पासपोर्ट न्यायचाच, फॉर्मवर एनआरआय म्हणूनच नोंद करायची आणि ईमेल द्यायचा, तो कंपल्सरी आहे. नोंदणी फुकट असते, एजंटला प्लीज पैसे देऊ नका. पावती सांभाळा, तिच्यावरच्या १४ आकडी नंबरवरून स्टेटस दुबईतूनही बघता येतं.