आठवणींची पेटी सोपी, अवघड आहे ते निरोप पोचवणं

तुमची अडचण थोडक्यात अशी : प्रसूती विभागात आठवणींची पेटी (गेलेल्या बाळाच्या हातापायांचे ठसे, फोटो, जावळ आईवडिलांना जपून ठेवायला देणारी) सुरू केली, ठसे-फोटो नीट होतात, तरी बाळ गमावलेली कुटुंबं दुखावूनच घरी जातात. चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा ड्यूटी बदलताना. सकाळच्या सिस्टरला सगळं माहीत असतं, दुपारची आत येऊन विचारते, "बाळ कुठंय?" मग पेटी कितीही सुंदर असो, आईच्या लक्षात तेवढंच राहतं. खोलीच्या दारावर आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर एकच ठरलेलं चिन्ह लावा. त्याचा अर्थ सफाईवाल्या मावशी, जेवण आणणारे, रक्त घ्यायला येणारे यांनाही सांगा. डॉक्टरांना कळवलेलं असतंच, सुटतात ते हेच.

डिस्चार्जच्या आधी पुढचे निरोप एका नेमलेल्या व्यक्तीनेच द्यावेत : फॅमिली डॉक्टरांना कळवणं, सोनोग्राफीच्या पुढच्या तारखा आणि लसीकरणाचे मेसेज थांबवणं. "कोणीतरी कळवेल" म्हणजे कोणीच कळवत नाही. प्रत्येक नोंदीपुढे सही आणि वेळ हवी.

सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे दूध. बाळंतपणानंतर दोन ते चार दिवसांत छाती भरून येते, म्हणजे बाई घरी पोचल्यावर. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळ गेलं तरी दूध येऊ शकतं. आधी सांगितलेलं नसेल तर तो धक्का भयंकर असतो. आधार देणारी ब्रा, थंड शेक, वेदनाशामक गोळी. फार ठणकलं तर हलकं वाटेल एवढंच दूध काढायचं, पूर्ण रिकामं केलं की आणखी येतं. छाती कापडाने करकचून बांधू नये, त्याने दुखणं वाढतं. दूध थांबवणाऱ्या कॅबरगोलिन या औषधाचा १ मिलिग्रॅमचा एकच डोस पहिल्या दिवशी देता येतो, पण रक्तदाब वाढलेला असेल किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार) असेल तर नाही. काहींना दूध लगेच थांबवायचं नसतं, म्हणून आधी विचारा.

बाळाला बघायचं का, हे एकदाच विचारून "नको म्हणाले" असं लिहून मोकळं होऊ नका. काही तासांनी पुन्हा विचारा, आग्रह मात्र नको. आणि आधी वर्णन करा : अंग गार लागेल, ओठ काळसर असतील, कुठे कुठे त्वचा सुटलेली असेल. पोटातच काही दिवस गेले असतील तर त्वचा फार नाजूक होते. अशा वेळी पुसायचं नाही, ओल्या मऊ कापडाने नुसतं टिपायचं, ठसेही अगदी हलक्या दाबाने. बाळाखाली थंड गादी ठेवली तर आईवडिलांना जास्त वेळ मिळतो. जावळाची बट कापण्याआधी परवानगी घ्या, ही इथे हमखास विसरली जाते.

तपासण्यांत वार (प्लॅसेंटा) पॅथॉलॉजीला पाठवणं कधीही चुकवू नका; कारण सापडण्याची शक्यता तिथे बरीच असते. जनुकीय तपासणी हवी असेल तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवण्याच्या रसायनात) टाकण्याआधी काढा, नंतर तो बहुधा वाया जातो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत द्यायचं अँटी-डी इंजेक्शन या गडबडीत राहून जातं.

पुढची भेट गरोदर बायकांच्या ओपीडीत ठेवू नका. सगळे रिपोर्ट हातात आल्याची खात्री झाल्यावरच तारीख द्या आणि वडिलांनाही नाव घेऊन बोलवा. बाळाचं नाव ठेवलेलं असेल तर ते केसपेपरवर लिहा आणि बोलताना तेच वापरा.