फायलीतली अक्षरं

प्रश्न : दिवाळीची आवराआवर करताना कोविडच्या काळातली फाईल सापडली. मे २०२१ मध्ये आईची रॅपिड अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली आणि दुसऱ्याच दिवशी आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह. त्या रिपोर्टवर ‘ई जीन ३१, एन जीन ३०’ असं आहे. पुढं ऑक्टोबरात आम्ही भावांनी अँटिबॉडी तपासल्या. माझी ‘एस’ पॉझिटिव्ह, ‘एन’ निगेटिव्ह; धाकट्याच्या दोन्ही पॉझिटिव्ह. मी कोविशील्ड घेतली होती, त्यानं कोव्हॅक्सिन. ‘मला कोविड झालाच नाही,’ असं धाकटा शपथेवर सांगतो. पण लॅबवाला म्हणाला, ‘झालेला असणार, लपवलंय.’ आईला त्याच्यामुळंच झालं, असं घरात अजून बोललं जातं. ही अक्षरं नेमकं काय सांगतात?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी धाकट्याला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. त्या रिपोर्टवरून त्याला खोटं पाडता येत नाही.

कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू असतो, मारलेला. त्याचे सगळे भाग शरीराला दिसतात, त्यामुळं नुसत्या लसीनंही ‘एन’ या भागाविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होऊ शकतात. कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर कोरोनाच्या फक्त ‘एस’ या भागाची जीन बसवलेली असते. तुमच्या शरीरानं लसीतून ‘एन’ पाहिलाच नाही. धाकट्याला कोविड झाला होता की नव्हता, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. लॅबवाल्यानं तोंड उघडण्याआधी लस कुठली घेतली, एवढं विचारायला हवं होतं.

आता अक्षरं. कोरोनाच्या विषाणूचं शरीर चार प्रथिनांनी बांधलेलं असतं : एस, ई, एम, एन. ‘एस’ म्हणजे चित्रात दिसतात ते काटे. आपल्या पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला तो धरतो, मग पेशीचीच विकरं (एन्झाइम) त्याला कापतात आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं. एसीई-२ नाकात, फुप्फुसात, आतड्यातही असतं. काहींना जुलाब झाले ते उगाच नाही. ओमायक्रॉननं याच एका प्रथिनात तीसहून जास्त बदल केले, म्हणून आधीच्या अँटिबॉडींना तो नीट सापडेना.

‘एम’ तुमच्या रिपोर्टवर नाही, पण आवरणात सगळ्यात जास्त तेच असतं आणि विषाणूला आकार तेच देतं. हे आवरण स्निग्ध असतं. मिसळीच्या कटाची वाटी नुसत्या गार पाण्याखाली धरून बघा आणि मग साबण लावून बघा. हात धुवा म्हणून आम्ही घसा का कोरडा करत होतो, ते कळेल.

‘ई’ एवढंसं, जेमतेम ७५ अमिनो आम्लांचं. विषाणूच्या अंगावर ते थोडंच असतं, पण पेशीच्या आत भरपूर बनतं. तिथं ते आवरणात बारीक भोकं पाडून क्षारांची ये-जा बिघडवतं आणि दाह वाढवतं. २००३ च्या सार्सच्या विषाणूतून ‘ई’ काढून टाकलं, तर प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये तो अगदीच लेचापेचा झाला. काट्यांचं एवढं कौतुक झालं, या बारक्याला कुणी विचारलं नाही.

‘एन’ आत असतो. विषाणूची सुमारे ३०,००० अक्षरांची आरएनए त्याच्याभोवती गुंडाळलेली असते. शिवाय पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून शेजारणींना सावध करू पाहते, त्यातही तो खोडा घालतो. पेशीत तो ढिगानं बनतो, म्हणून रॅपिड टेस्टच्या पट्टीवर बहुतेक वेळा त्यालाच पकडतात.

मग आईची पट्टी कोरी का? पट्टीला रेघ उमटायला ‘एन’ पुरेसा लागतो. पीसीआर प्रथिन बघतच नाही. ती त्या प्रथिनाच्या जीनचा तुकडा दर फेरीला दुप्पट करत जाते. ३१ म्हणजे तेवढ्या फेऱ्यांनंतर यंत्राला खूण दिसली, म्हणजे नमुन्यात विषाणूचा माल कमीच होता. आजाराची सुरुवात असेल, उतरण असेल किंवा काडी नाकात नीट फिरली नसेल. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ‘ई’ आणि ‘एन’ अशा दोन जीन बघतात त्या खात्रीसाठी. ३१ आणि ३० मधल्या फरकावर डोकं शिणवू नका.

आणि हो, मीसुद्धा कोविशील्डवालीच. ‘मला नाही बाई झाला’ असं अख्ख्या राजारामपुरीत सांगून झालं होतं. त्याच ऑक्टोबरात अँटिबॉडी तपासायचं नवं किट आलं म्हणून सहज स्वतःचं रक्त लावलं. किटच्या ताटलीतल्या माझ्या खळग्यात निळा रंग चढला, आम्ल घातल्यावर लख्ख पिवळा झाला. ‘एन’ पॉझिटिव्ह. जुलैच्या महापुरात दोन दिवस घसा धरला होता, तो मी भिजण्याच्या नावावर खपवला होता.