फिटनेस वॉचमधले आकडे बघून पळणं खरंच सुधारता येतं का? नेमके कुठले आकडे बघायचे?

सुधारता येतं. फक्त घड्याळ जो निकाल देतं तो बाजूला ठेवा आणि नोंद तेवढी घ्या. निकाल म्हणजे 'अनप्रॉडक्टिव्ह' (सराव वाया जातोय), 'फिटनेस एज' (तंदुरुस्तीवरून काढलेलं वय), 'तुम्ही हाफ मॅरेथॉन २:०८ मध्ये पळाल' वगैरे. नोंद म्हणजे ठोके, वेळ आणि अंतर.

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ३४, राहणार खानापूर, आठवड्यातून पाच दिवस पळता, रोजचा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) ७:०० ते ७:१०, तेव्हा ठोके मिनिटाला १६५ ते १७०. १० किलोमीटर ६८ मिनिटांत होतात आणि डिसेंबरात हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) २:२० तासांत करायची आहे. एप्रिलपासून घड्याळ व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं तो आकडा) कमी-कमी दाखवतंय, म्हणून तुम्ही खचलाय. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, शाळेत गणित शिकवते आणि बरीच वर्षं पळते. आमच्या सकाळच्या गटात बहुतेकांच्या मनगटावर आता घड्याळ आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्यात नेहमी निघतो.

आधी ती एप्रिलची काळजी. मनगटावरचं घड्याळ तुमचा प्राणवायू मोजत नाही. ती मोजणी तोंडाला मास्क लावून प्रयोगशाळेत होते. घड्याळ फक्त एवढं बघतं, की अमुक वेगाने पळताना हृदयाचे ठोके किती पडले, आणि त्यावरून अंदाज बांधतं. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला शरीर बरंचसं रक्त कातडीकडे वळवतं, घामावाटे पाणीही जातं. मग त्याच वेगाला ठोके जास्त लागतात. आपल्याकडे मे महिन्यात वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशीची सकाळ तर अशी दमट असते, की घाम वाळतच नाही. घड्याळाला वाटतं माणूस ढिला पडला. काही घड्याळं हवामान लक्षात घेऊन हा आकडा थोडा सावरतात, सगळी नाही. मृगाचा पाऊस स्थिरावला आणि हवा गार झाली, की तोच आकडा बहुधा आपोआप वर येईल. तेव्हाही तो तुमच्या मेहनतीचा पुरावा समजू नका. एप्रिलची तुलना एप्रिलशी करावी, जुलैची जुलैशी.

तुमची खरी अडचण मला दुसऱ्याच आकड्यात दिसते. रोज १६५ ते १७० ठोके! आणि रोजचा पेस तुमच्या १० किलोमीटरच्या शर्यतीच्या पेसपेक्षा (६:४८) जेमतेम वीस सेकंद हळू. म्हणजे तुम्ही रोज अर्धी शर्यत पळताय. हा वेग धड हळू नाही, त्यामुळे शरीर सावरत नाही, आणि धड जोराचा नाही, त्यामुळे वेगही वाढत नाही. पळायला लागलेल्या दहांतले आठ जण इथेच अडकतात असं माझं मत आहे. घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग तुम्हाला अडवण्यासाठी करा. आमच्या गटात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार मामा येतात. भरतीची १६०० मीटर पळणारी पोरं त्यांच्याकडे सल्ला मागतात, तेव्हा त्यांचं एकच वाक्य असतं: "पळत-पळत बोलायला येतंय काय बघ. येत नसलं तर वेग कमी कर." सलग दोन-तीन वाक्यं धाप न लागता बोलता आली पाहिजेत. ही कसोटी घड्याळातल्या कुठल्याही झोनच्या (ठोक्यांनुसार पाडलेल्या टप्प्याच्या) रंगीत पट्टीपेक्षा जुनी आहे आणि अजून खरी ठरते.

आता झोन. घड्याळ कमाल ठोके काढताना बहुधा २२० वजा वय करतं, म्हणजे तुमचे १८६. हे सरासरीचं गणित आहे, प्रत्येक माणसात दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असतात. तुमचे खरे कमाल ठोके १९८ असतील तर घड्याळ तुम्हाला उगाच दम देतंय, आणि १७६ असतील तर उगाच शाबासकी. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, की सरासरीवरून एका मुलाची उंची सांगता येत नाही. तेच इथे लागू आहे.

त्याऐवजी स्वतःची मोजणी करा. सपाट, रहदारी नसलेला रस्ता घ्या. महामार्ग अजिबात नको. पंधरा मिनिटं हळू पळून अंग तापवा. मग ३० मिनिटं एकट्याने, शर्यत असल्यासारखं, पण शेवटपर्यंत टिकेल अशा जोराने पळा. दहा मिनिटं झाली की लॅपचं (तिथून पुढची नोंद वेगळी करणारं) बटण दाबा. शेवटच्या वीस मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी म्हणजे तुमचा उंबरठ्याचा आकडा, ज्याच्या वर गेलं की पायांत पेटतं आणि फार वेळ तग धरता येत नाही. समजा तो १७२ आला. मग तुमचं रोजचं हळू पळणं १७२ च्या ८९ टक्क्यांच्या आत, म्हणजे १५३ च्या खाली असायला हवं, आणि अगदी निवांत दिवशी १४६ च्या आत. रक्तदाब, मधुमेह किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर ही कसोटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर घड्याळ काहीही म्हणो, थांबा.

१५३ च्या आत राहायचं तर तुम्हाला सुरुवातीला ८:०० पेक्षाही हळू पळावं लागेल, चढावर चक्क चालावं लागेल. शेजारून कॉलेजची मुलं पुढे निघून जातील. जाऊ द्या. पाचांपैकी चार दिवस असे पळा आणि एकच दिवस जोर लावा: उंबरठ्याच्या आसपासच्या ठोक्यांवर आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये तीन मिनिटं हळू. चारांपैकी एक दिवस लांब पल्ल्याचा, तोही हळूच.

हे सगळं ठोक्यांवर उभं आहे, म्हणून ठोके खरे पडतायत का हे तपासा. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्तावर प्रकाश टाकतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातले चढ-उतार घड्याळ मोजतं. पट्टा सैल असला की ही मोजणी बिघडते. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट, पण बोटांना मुंग्या येणार नाहीत इतपतच बांधा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे हात गारठतात, रक्त कातडीपासून आत सरकतं आणि पहिली दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. तेवढा भाग हिशेबात धरू नका. पावसात रेनकोटची बाही घड्याळावर घासते, तीही गडबड करते. मनगटावर गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते, दुसऱ्या हाताला बांधा. आणखी एक फसवणूक फार जणांच्या लक्षात येत नाही. काही वेळा घड्याळ नाडीऐवजी पावलांची लय पकडतं. मिनिटाला १६८ पावलं आणि ठोकेही १६८, हे दोन आकडे जुळी भावंडं असल्यासारखे बरोबर चालत असतील तर शंका घ्या. थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. तुमच्या १६५ ते १७० बद्दल मला ही शंका आहेच, त्यामुळे उद्या पहिल्यांदा हेच करून बघा. शंका खरी निघाली तर वर मी जे 'अर्धी शर्यत' म्हटलं ते बोलण्याच्या कसोटीवर पुन्हा तपासा. जमलं तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो, त्यामुळे वेग बदलला तरी सहसा गोंधळत नाही.

मग प्रगती मोजायची कशी? महिन्यातून एकदा, एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन, ५ किलोमीटर पळा, पण ठोके १४५ वर धरून. वेग जो पडेल तो पडू द्या. वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, हवा कशी होती, सरासरी ठोके, सरासरी पेस. जूनमध्ये १४५ ला ८:१० पडत होता आणि ऑक्टोबरात १४५ ला ७:४० पडला, तर तुम्ही सुधारलात. मात्र जून-ऑक्टोबरची तुलना करतानाही हवेचा फरक डोक्यात ठेवा. ढगाळ, गार सकाळी ठोके पाच-सहा कमी पडणं काहीच विशेष नाही. रस्ताही विचार करून निवडा. जांबोटीच्या बाजूचा रस्ता पळायला सुंदर आहे, पण चढ-उतारांमुळे तिथला पेस मोजणीला निरुपयोगी. राजहंसगडाचा चढही तसाच: पायांत ताकद यायला उत्तम, तुलनेसाठी नाही, निदान सपाटीवरच्या आकड्यांशी तरी नाही. आमच्याकडे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या दाट झाडांखाली जीपीएसची रेघ नागमोडी येते आणि पेस मधूनच उड्या मारतो, म्हणून मी मोजणीचा दिवस उघड्या रस्त्यावर ठेवते. जंगलाकडे मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते थेट उपग्रहांकडून येतं. फक्त निघण्यापूर्वी मोकळ्या आभाळाखाली उभं राहून घड्याळाला जागा सापडू द्या.

दुसरी मोजणी लांब पल्ल्याच्या दिवशी. पळून आल्यावर पहिला आणि दुसरा अर्धा भाग वेगळा काढा. समजा दोन्हीकडे पेस ८:०० आणि ठोके आधी १४२, नंतर १५१. म्हणजे त्याच कामाला सहा टक्क्यांहून थोडे जास्त ठोके लागले. पाच टक्क्यांच्या आत आलात की तेवढा पल्ला तुमच्या अंगवळणी पडला असं मी धरते, मग पुढच्या आठवड्यात दीड-दोन किलोमीटर वाढवावेत. हाफसाठी मला हा आकडा व्हीओटू मॅक्सपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण हाफ बिघडते ती १५ व्या किलोमीटरनंतर.

सकाळी उठण्यापूर्वीचे विश्रांतीचे ठोके रोज बघा. नेहमी ५६ असतील आणि लागोपाठ दोन दिवस ६२-६३ दिसले, तर जोराचा दिवस रद्द करा. झोप झाली नसेल, थकवा साचला असेल किंवा ताप अंगात शिरत असेल. श्रावणाच्या सुमारास घरोघरी तापाची साथ असते तेव्हा हा आकडा कधी कधी ताप कळायच्या आधीच चढतो. घड्याळात एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेत पडणारा फरक) असेल तर एका रात्रीचा आकडा सोडा, आठवड्याची सरासरी बघा आणि ती स्वतःच्याच जुन्या सरासरीशी ताडा. मित्राचा ८० आणि तुमचा ४५ यावरून काहीही ठरत नाही.

बाकीचं थोडक्यात. कॅलरी सोडून द्या. गाढ झोप किती, हलकी किती हे मनगटावरून नीट कळत नाही, एकूण झोपेचे तास तेवढे धरा. मिनिटाला १८० पावलांचा आग्रह धरू नका, तो अव्वल धावपटूंना शर्यतीत बघून रूढ झाला. पाऊल फार पुढे टाकायची सवय असेल आणि नडगी दुखत असेल, तर आत्ता आहेत त्यापेक्षा पाच टक्के वाढवून बघा, १५८ असतील तर १६६.

आता तुमचं २:२०. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायचं पळणाऱ्यांमध्ये रूढ असलेलं गणित लावलं, तर १० किलोमीटरला ६८ मिनिटं म्हणजे हाफला साधारण २:३०. तेही लांब पल्ल्याची तयारी झालेली असेल तर. २:२० साठी १० किलोमीटर सव्वात्रेसष्ट मिनिटांच्या आसपास यायला हवं. २:२० चा पेस ६:३८ येतो, म्हणजे आज तुम्ही १० किलोमीटर ज्या वेगाने पळता त्याहून जास्त वेगाने २१ पळायचंय. घड्याळाचं २:०८ विसरा. पाच-सहा महिने आहेत, अशक्य म्हणणार नाही. ऑक्टोबरअखेर १० किलोमीटरची चाचणी घ्या. ६४ च्या आत आलात तर २:२० चा हट्ट धरा, ६५-६६ आले तर २:२५ ठेवा आणि ते नीट पळा.

शर्यतीच्या दिवशी एक गोष्ट नक्की करा: ऑटो लॅप (घड्याळ स्वतःच दर किलोमीटरला लॅप धरतं ते) बंद. मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो. आपण वळणं घेत, लोकांना ओलांडत पळतो, त्यात जीपीएसची चूक मिसळते आणि घड्याळावर २१.१ ऐवजी २१.३-२१.४ दिसतात. घड्याळ ६:३८ दाखवत राहतं आणि प्रत्यक्षात तुम्ही दीड-दोन मिनिटं मागे पडलेले असता. त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा आणि एकूण वेळ बघा: ५ ला ३३:१०, १० ला १:०६:२०, १५ ला १:३९:३०. हे तीन आकडे हातावर पेनाने लिहून ठेवले तरी चालतील. पहिले ५ किलोमीटर ठोके उंबरठ्याच्या आकड्याच्या आठ-दहा खाली ठेवा. सुरुवातीच्या गर्दीच्या उत्साहात ते वर जातातच, तेव्हा मन घट्ट करून वेग कमी करा. १६ च्या पाटीनंतर मनगटाकडे बघायची गरज नाही.

३० मिनिटांच्या कसोटीचा आकडा आला की इथेच खाली लिहा. हळू आणि जोराच्या दिवसांचे ठोके मी काढून देईन.