कोठडीतली हवा

प्रश्न : ताई, मागच्या अंकात दक्षिण आफ्रिकेत कैद्यांनी सरकारविरुद्ध जिंकलेल्या खटल्यांचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात. गुन्हा केला की तुरुंगात हाल होणारच. वर सरकारलाच कोर्टात खेचायचं, हे मला पटत नाही. – एक वाचक

उत्तर : तुमचा राग मी समजू शकते. मी वकिली करत असताना घरच्यांनीही मला हेच विचारलंय. पण आधी डडली ली यांची हकिकत ऐका.

१९९९मध्ये त्यांना अटक झाली आणि केपटाऊनच्या पोल्समूर तुरुंगात ठेवलं गेलं. खटला रेंगाळत राहिला. ७०च्या आसपास वेळा त्यांना कोर्टात नेलं आणि परत आणून कोंडलं. एकट्यासाठी बांधलेल्या कोठडीत तिघे, दिवसाचे २३-२३ तास कुलूपबंद. २००३मध्ये त्यांना क्षयरोग असल्याचं निघालं. २००४मध्ये ते निर्दोष सुटले. म्हणजे तुम्ही ज्याला गुन्हेगार म्हणताय, तो माणूस शेवटपर्यंत कच्चा कैदीच होता.

त्यांनी नुकसानभरपाई मागितली. सर्वोच्च अपील न्यायालयाने तुरुंग प्रशासनाचा हलगर्जीपणा मान्य केला आणि तरीही दावा फेटाळला. का? चोख व्यवस्था असती तर आजार झालाच नसता, हे लींना सिद्ध करता आलं नाही! हे वाचताना माझा आजही संताप होतो. कोण कधी खोकलं, याचा पुरावा आत कोंडलेल्या माणसाने आणायचा कुठून? दार, खिडकी, हवा, सगळं तर तुरुंगाच्याच ताब्यात. डिसेंबर २०१२मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने, म्हणजे राज्यघटनेशी संबंधित खटल्यांसाठीच्या सर्वात वरच्या कोर्टाने, ५ विरुद्ध ४ मतांनी लींच्या बाजूने निकाल दिला. नीट व्यवस्था असती तर लागण होण्याचा धोका कमी झाला असता, एवढं दाखवणं कोर्टाने पुरेसं मानलं. एका मताचा फरक, बघा. याच पोल्समूरमध्ये असताना १९८८मध्ये मंडेलांनाही क्षय झाला होता.

आता तुमचं ‘हाल होणारच’. दक्षिण आफ्रिकेबाहेरही असे खटले झालेत. मलावीत शिक्षा भोगणारा एक कैदी स्वतःसाठी आणि इतर कैद्यांसाठी कोर्टात गेला. तक्रार साधी होती : आत दाटीवाटी आणि दिवसातून एकदाच जेवण. त्याला कैद सुनावली होती, उपासमार कुठल्याही न्यायाधीशाने सुनावली नव्हती. २००९मध्ये कोर्टाने १८ महिन्यांत गर्दी निम्म्यावर आणायला सांगितलं. बोट्स्वानात परदेशी कैद्यांना एचआयव्हीची औषधं फुकट मिळत नव्हती, तीही २०१५मध्ये अपील कोर्टामुळे मिळाली.

निकाल लागला म्हणून कोठड्या लगेच मोकळ्या होत नाहीत. डिसेंबर २०१६मध्ये केपटाऊनच्या उच्च न्यायालयाला पोल्समूरच्या कच्च्या कैद्यांसाठी आदेश द्यावा लागला : सहा महिन्यांत गर्दी क्षमतेच्या १५० टक्क्यांपर्यंत खाली आणा. खाली, म्हणजे शंभर जणांच्या जागेत दीडशे.