इंग्रजीत शिक्षकांचा परिचय करून देताना

आपण शिक्षकांचा परिचय इंग्रजीत लिहिण्याचा सराव सुरू केला, याचा आनंद वाटतो. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळाव्यात.

बऱ्याच चुका आदरार्थी बहुवचनामुळे होतात. मराठीत आपण ‘सर छान शिकवतात’ म्हणतो आणि त्याच सवयीने इंग्रजीत ‘सर टीच व्हेरी वेल’ किंवा ‘दे आर माय टीचर’ लिहून जातो. परंतु तिथे एका व्यक्तीसाठी क्रियापद एकवचनीच राहते, म्हणून ‘ही टीचेस अस सायन्स’, ‘शी इज व्हेरी पेशंट’ असेच म्हणावे. त्यात अनादर मुळीच नाही. आदर आडनावापूर्वीच्या ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’मधून व्यक्त होतो. ही एक सवय जडली तरी निम्मे काम झाले, असे माझे मत आहे.

याशिवाय पुढील चुका टाळाव्यात:

- ‘शी इज टीचर’ नव्हे, ‘शी इज अ टीचर’. मात्र ‘अवर’ आल्यास ‘अ’ गळतो: ‘शी इज अवर टीचर’.
- समोर उभ्या असलेल्या शिक्षकांचा परिचय ‘धिस इज’ने सुरू करावा.
- ‘ही इज टीचिंग अस सिन्स टू इयर्स’ चुकीचे आहे. ‘ही हॅज बीन टीचिंग अस फॉर टू इयर्स’ म्हणावे. ‘सिन्स’नंतर आरंभाचा क्षण येतो, जसे ‘सिन्स 2022’.
- ‘एक्सप्लेन्स अस’ऐवजी ‘एक्सप्लेन्स टू अस’.

संयुक्त वाक्ये आणि कर्मणी प्रयोग तूर्त बाजूला ठेवावेत. आधी पाच साधी वाक्ये लिहून प्रत्येक क्रियापदाचा शेवट तपासावा आणि मग ती मोठ्याने वाचावीत.