परत म्हणवून घे

बाळ,

साइटवरच्या रसायनांच्या धोक्यांची माहितीपत्रकं फायलीत लावलीस, रजिस्टरवर सगळ्यांचे अंगठे घेतलेस, भिंतीवर पोस्टर चिकटवलंस, तरी पोरं उघड्या हातानंच सिमेंटचा माल कालवतात, म्हणून तू हैराण झालीस. अगं, अंगठा उठला म्हणजे धोका कळला असं नाही. ज्याला सांगितलंस त्याच्या तोंडून परत म्हणवून घे.

बेळगावच्या साइटवर गवंडी मराठी बोलतो, सेंट्रिंगवाला कन्नड, टाइलवाला हिंदी. प्रत्येक टोळीचा मेस्त्री धर. त्यानं आपल्या माणसांना आपल्या बोलीत सांगायचं, तू ऐकायचं. कामापुरतं कन्नड येत नसेल तर शिक, त्यात सबब नको.

ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, म्हणजे ते कातडी जाळणारं तीव्र अल्कली आहे. पण सुरुवातीला झोंबत नाही, तिथंच माणूस फसतो. बुटात माल शिरतो, गुडघे टेकून फ्लोअरिंग चालतं आणि संध्याकाळपर्यंत कातडी जळते. भिजलेले कापडी हातमोजे तर माल हाताला धरूनच ठेवतात. म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नकोस, सगळे मान हलवतात. ‘बुटात माल गेला तर काय करशील?’ असं विचार. ‘बूट-मोजे काढीन, २० मिनिटं चालू पाण्याखाली पाय धरीन’ हे ऐकू येईपर्यंत सोडू नकोस.

रंग पातळ करायचा थिनर पाण्याच्या बाटलीत ओतलेला दिसला की काम थांबव. तिथं समजूत घालत बसू नकोस. दुसऱ्या डब्यात ओतलं की त्यावर नाव आणि चित्र हवंच. टाइल धुवायचं ॲसिड पातळ करताना आधी पाणी, मग ॲसिड. त्याच फरशीवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन सुटतो. हेही म्हणवून घे.

स्लॅबच्या दिवशी ठेकेदार म्हणेल, एवढा वेळ कुठं आहे? मला हट्टी म्हणतात, म्हणोत. मिक्सरची गाडी दहा मिनिटं उभी राहिली तर काँक्रीट वाया जात नाही. डोळ्यात चुना गेल्यावर मात्र पाणी शोधायलाही वेळ नसतो. वाईट वाटतं ते याचं, की अजूनही हे सगळं आपल्याकडे तपासणीसाठीच केलं जातं.

आता तुझं टाकीचं वॉटरप्रूफिंग. सॉल्व्हंटवाल्या (उडून जाणारं द्रावक असलेल्या) प्रायमरची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. धुळीचा मास्क तिथं कुचकामी. आत साधा बल्ब नको, मोबाइल नको, बिडी तर नकोच. आतला माणूस कोसळला की वरचा त्याला काढायला उडी घेतो आणि दोघंही जातात. म्हणून तोंडाशी उभ्या माणसाकडून तीनदा म्हणवून घे: ‘मी आत उतरणार नाही, दोरीनं ओढीन, हाक मारीन.’ आतल्याला हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि दोरी उतरण्याआधीच बांधायची. हवा खेळवणाऱ्या ब्लोअरचा पाइप तळापर्यंत पोचलाय का, ते तू स्वतः वाकून बघ.